जिंकल्यानंतरची फेरी

माझा थोरला भाऊ मोटरींच्या शर्यती जिंकायचा, असं मी आज कुणाला सांगितलं तर ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या घराकडे. रिसाल्यातल्या माणसाच्या घरात शर्यतीची मोटर कुठून येणार? ती आमची नव्हतीच. ग्वाल्हेरला लष्कर भागात राहणाऱ्या एका सरदारांची होती. दादा ती चालवायचा, एवढंच.

संस्थान विलीन झालं तेव्हा आमच्या घरातल्या दोघांच्या नोकऱ्या पाठोपाठ गेल्या. आबा रिसाल्यात होते. रिसाला मोडला, घोडे गेले, आबा पेन्शनीत निघाले. तरी सकाळी उठून बूट घासायची सवय काही सुटली नाही. घासलेले बूट भिंतीशी ठेवून ते चपला घालून भाजी आणायला जायचे. दादा संस्थानच्या मोटरखान्यात ड्रायव्हर होता. तिथल्या बऱ्याच गाड्या विकल्या गेल्या आणि ड्रायव्हरांना घरी पाठवलं. मला मात्र त्याच उलथापालथीत नोकरी लागली. मध्यभारत नावाचं नवं राज्य झालं, त्याचं सेक्रेटरिएट ग्वाल्हेरला आलं, आणि टाइपरायटर चालवता येणारी माणसं त्यांना हवी होती. मला येत होतं. आईला ते पटलं नव्हतं, पण नाही म्हणायची तिची सोयच राहिली नव्हती.

दादाला त्या सरदारांनी बोलावून घेतलं. त्यांच्याकडे एक दोन बैठकींची, वर छत नसलेली हिरवी विलायती मोटर होती. हौसेनं घेतली होती, पण गुडघ्याच्या दुखण्यामुळे त्यांना ती चालवता येईना. मोरारच्या पलीकडे, लढाईच्या दिवसांतल्या एका पडीक धावपट्टीवर तेव्हा एक मोटर क्लब हिवाळ्यात शर्यती भरवायला लागला होता. दिल्लीचे, इंदूरचे, कानपूरचे शौकीन लोक आपापल्या गाड्या घेऊन यायचे. सरदार दादाला म्हणाले, "गाडी आमची, हात तुझे. नाव दोघांचं होईल."

पहिल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी जेवताना दादा म्हणाला, "उद्या मीच जिंकणार."

आबांचा घास हातात राहिला. "असं आधी बोलू नये."

"मग काय बोलू? हरणार आहे असं म्हणत गाडीत बसू?"

"काहीच बोलू नये. जावं, करावं आणि यावं."

"आबा, मी ती पट्टी पायी चाललोय. एकदा नाही, रोज चालतोय. कुठे डांबर उखडलंय, कुठे खडी आहे, मला सगळं मालूम आहे. बाकीचे आज संध्याकाळी येतील आणि उद्या पळवतील. सांगा, कोण जिंकेल?"

आईनं दोघांच्या पानात भात वाढला. मला त्या दिवशी दादाचं म्हणणं पटलं होतं, आणि आजही पटतं. त्यात गर्व नव्हता. स्वयंपाक येणारी बाई जशी म्हणते की होईल पोटभर, चिंता करू नका, तसं ते होतं.

तो खरंच रोज पहाटे सायकलवरून धावपट्टीवर जायचा आणि त्याच्याबरोबर त्याचा मित्र असायचा. हा मित्र आमच्या गल्लीच्या टोकाला राहायचा. त्याचे वडील आबांच्याच रिसाल्यात होते, दोन्ही घरं एकाच मुलखातून पिढ्यांपूर्वी वर आलेली, सणावारी एकमेकांकडे ताटं जायची. तो माझ्याच दफ्तरात कारकून होता. संध्याकाळी आम्ही दोघं फूलबागेवरून चालत घरी यायचो. त्याच्या आईनं आणि माझ्या आईनं आमच्याबद्दल काय ते आपापसांत ठरवून टाकलं होतं. उघड बोलणी झाली नव्हती. लहानपणापासून मी त्याला अरे-तुरे करत आले होते. आईनं समज दिल्यावर 'तुम्ही' म्हणायला लागले, तर तो रस्त्यात थांबून हसायचा. "ये क्या हो गया तुला अचानक?" असं अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. आमच्या पिढीचं बोलणं तसंच होतं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि उंबऱ्यात उभं असताना दोन्ही.

पहिली शर्यत दादा जिंकला. आबा बघायला आले नाहीत. मी गेले होते, मित्राच्या धाकट्या बहिणीला सोबत घेऊन. चुना फासलेली लोखंडी पिंपं ठेवून वळणं आखलेली होती आणि कनातीच्या सावलीत पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. आम्ही उन्हात, दोराच्या मागे उभ्या होतो. शर्यत सुरू होण्याआधी चामड्याचे हातमोजे घातलेला दिल्लीचा एक गृहस्थ दादापाशी आला. "गाडी किसकी है?" त्यानं विचारलं. दादानं सरदारांकडे बोट दाखवलं. "तो आप ड्राइवर हैं," तो म्हणाला. दादा म्हणाला, "जी. ड्राइवर ही हूँ. आप भी थोड़ी देर में हो जाइए." लोक हसले, तो गृहस्थसुद्धा हसला. शर्यत संपल्यावर त्यानंच येऊन दादाचा हात हातात घेतला.

घरी आल्यावर दादानं चांदीचा पेला आबांसमोर ठेवला. आबांनी तो उचलून पाहिला आणि विचारलं, "वळणावर कुठे बघत होतास?"

"वळण संपतं तिथं. तुम्ही शिकवलंत तसं."

लहानपणी आबा त्याला घोड्यावर पुढ्यात घेऊन बसायचे तेव्हा सांगायचे की वळणाकडे बघू नको, वळण जिथं संपतं तिथं बघ, जनावर तुझ्या नजरेमागून जातं. आबा त्या दिवशी खूश झाले. पेला त्यांनी स्वतःच्या हातानं कोनाड्यात ठेवला.

पुढच्या हिवाळ्यातही तो जिंकला. मग त्याचा फोटो पेपरात आला. नई सडकेवरचे दुकानदार त्याला हाक मारून चहाला बोलवायला लागले. पाटणकर बाजारातल्या शिंप्यानं त्याला एक कोट शिवून दिला आणि फोटो मागून घेऊन दुकानात लावला. आधी संकोचणारा दादा हळूहळू सरावला. मग कुणी हाक मारली नाही तर त्याच्या लक्षात यायला लागलं. "तो हलवाई आज न बघितल्यासारखं करून वळला," असं तो घरी येऊन सांगायचा. जेवणाची वेळ त्याच्या येण्यावर ठरायला लागली. सरदारांच्या घरून गडी निरोप घेऊन आला तर "येतो म्हणून सांग," एवढं म्हणून तो तासभर आरशासमोर असायचा.

मित्र त्याला टोकायचा. त्याला एकट्यालाच ते जमायचं. "अबे, गाडी पळते तुझी, तू नाही पळत. ज़रा ज़मीन पे रह," असं तो म्हणायचा आणि दादा त्याच्या पाठीत गुद्दा घालायचा. पण पहाटे धावपट्टीवर जाणं मात्र कमी होत गेलं. मित्र सायकल घेऊन दारात यायचा, दादा आतून ओरडायचा, "तू जा, मला पाठ आहे ती." मित्र थोडा वेळ उभा राहायचा आणि मग खरंच एकटा जाऊन यायचा. संध्याकाळी फूलबागेतून येताना मला सांगायचा की कुठे खड्डा पडलाय, कुठे गुरं बसतात. मला त्यात काही कळायचं नाही. मी ऐकायची, कारण तो बोलत असायचा.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला मराठी मंडळींनी दादाचा सत्कार केला. आबा फेटा बांधून आले होते. मित्राचे वडील त्यांच्या शेजारी बसले होते. शाल, नारळ झाला आणि अध्यक्षांनी विचारलं, "हे कौशल्य आपण कुणाकडून शिकलात, तरुणांना सांगा."

दादा उभा राहिला. म्हणाला, "खरं सांगू? हे कुणी शिकवत नाही. शिकून येतही नाही. माझे हात आपोआप जातात. ज्याच्यात असतं त्याच्यात असतं."

टाळ्या झाल्या. मी आबांकडे बघितलं. ते समोर बघत होते. मित्राच्या वडलांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. घरी आल्यावर आबांनी फेटा सोडून खुंटीला लावला आणि पाणी मागितलं. आईनं दादाला आत बोलावून सांगितलं, "त्यांचं नाव घ्यायचं होतंस रे. एवढी माणसं होती."

"अगं, घोडा वेगळा आणि मोटर वेगळी," दादा म्हणाला. "प्रत्येक वेळी कुणाचं तरी नाव घेत बसू का?"

दुसऱ्या दिवशी मित्रानं आबांना येऊन सांगितलं की दादा गमतीत बोलला, मनावर घेऊ नका. आबा म्हणाले, "तू का सांगतोयस?" 

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात सरदारांची जहागीर गेली होती आणि ते एकेक वस्तू काढत होते. त्या शर्यतीनंतर गाडीही विकायची ठरली होती. इंदूरचं एक गिऱ्हाईक ती बघायला येणार होतं. दादाला ते माहीत होतं. त्याचा चेहरा आठवडाभर कडक होता. पण शर्यतीच्या आधी तो काही बोलला नाही, जिंकेन म्हणाला नाही, काहीच नाही. ठरलेल्या गोष्टीबद्दल कोण बोलतं, तसं.

या वेळी आम्हाला कनातीत बसायला जागा मिळाली. आईही आली होती. आबा आले नाहीत. दादा जिंकला. दुसरा आला तो बराच मागे होता. दादाला हार घातला. इंदूरच्या माणसानं गाडीवरून हात फिरवला आणि सरदारांशी काहीतरी हसून बोलला. मी पेढ्यांचा पुडा सोडत होते. दादानं लांबूनच मित्राला हाक मारली, "चल बस. शेवटची फेरी, तुला फिरवतो."

मित्र आमच्याकडे बघून हात हलवत गाडीत बसला. पहिल्यांदा गाडी आमच्यासमोरून हळू गेली. दादाच्या गळ्यात हार तसाच होता. त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगच्या चक्रावरून काढून लोकांना नमस्कार केला आणि लोक ओरडले. आई म्हणाली, "बाई गं, हात कशाला सोडतोय?" मग गाडीचा आवाज वाढला आणि ती लांब पलीकडच्या वळणाकडे गेली.

मी बघत होते. धूळ उठली. आवाज मागाहून आला आणि तो फार मोठा नव्हता. माझ्या मनात आलं की आज वारा नाही, धूळ खाली बसायला वेळ लागेल. लोक धावायला लागले, खुर्च्या पडल्या. मी पुडा परत दोऱ्यानं बांधला. नीट गाठ मारली. ते मला आठवतं, कारण घरी गेल्यावर ती गाठ सुटेना आणि आईनं कात्रीनं कापली.

गाडी वळणावर घसरून पिंपांना धडकली होती आणि मित्र बाहेर फेकला गेला होता. तो तिथंच गेला. दादाच्या कपाळाला खरचटलं होतं.

आमच्या घरून कुणी मित्राच्या घरी जायचं की नाही, यावर त्या दिवशी कुणी बोललं नाही. आबा उठून एकटे गेले आणि लगेच परत आले. मला रडू येईल याची आईनं वाट बघितली. ती माझ्याजवळ येऊन बसायची, पाठीवरून हात फिरवायची. मला काहीच होत नव्हतं. भूक लागत होती, मी जेवत होते. सुतकाचे दिवस त्यांच्या घरात होते, माझ्या घरात नव्हते. कुठलीच बोलणी झालेली नव्हती, त्यामुळे मी त्याची कुणीच नव्हते. माझ्याकडे येऊन कुणी दोन शब्द बोलावे असं काही नव्हतंच.

दफ्तरात त्याच्या खुर्चीवर दुसरा माणूस आला. चांगला होता, कागद वेळेवर द्यायचा. संध्याकाळी मी फूलबागेवरून एकटी चालत यायची. लोकांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मी ठीक आहे, आणि ते खोटं ठरलं नसतं.

दादावर खटला झाला. सरदारांनी वकील दिला. वकील आमच्या घरी येऊन बसला आणि समजावून सांगायला लागला की बघणारे सगळे लांब होते, वळणावर नेमकं काय झालं हे कुणीच पाहिलेलं नाही. चक्र अडकलं, एवढं म्हणायचं. गाडी जुनी होती. सरदारांची त्याला हरकत नाही. "तुम छूट जाओगे," तो म्हणाला.

दादा म्हणाला, "चक्र अडकलं नव्हतं."

"अरे, पण ते कुणाला माहीत?"

"गाडी चांगली होती, वकीलसाहेब. मी तिला नावं ठेवणार नाही."

आईचा संताप झाला. आयुष्यात ती त्याला कधी असं बोलली नव्हती. "मेला गाडीचा अभिमान! तुझ्या हातातली गाडी बिघडली असं म्हणायचं नाही तुला, म्हणून तू तुरुंगात जाणार? अजून माज गेला नाही तुझा?"

आबा कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते म्हणाले, "हा माज नाही." आईनं विचारलं, "मग काय आहे?" आबांना ते सांगता आलं नाही. मलाही त्या वेळी कळेना आणि खरं तर पुढेही नीट कळलं नाही. तोच माणूस, तेच ताठ बोलणं. सत्काराच्या दिवशी ते ऐकून मला लाज वाटली होती. आता ऐकून काहीच वाटलं नाही.

कोर्टात मित्राचे वडील पुढच्या बाकावर बसले होते. दादानं शपथ घेतली. वकिलानं घालून दिलेल्या वाटेनं प्रश्न विचारले. दादानं प्रत्येकाचं उत्तर दिलं. चक्र ठीक होतं. ब्रेक ठीक होता. आपण वळणाला ब्रेक उशिरा लावला. मग कुणीही विचारलं नसताना तो म्हणाला, "वो बोला था, धीरे. वळणाच्या आधी बोलला, पुढे खडी आहे, हळू कर. मी सकाळी बघून आलोय, म्हणाला. मी हसलो."

वकिलानं कागद खाली ठेवले. न्यायाधीशांनी त्याला पुन्हा सांगायला लावलं आणि त्यानं पुन्हा सांगितलं, तसंच.

मला फक्त एक कळलं. मित्र शेवटी काय बोलला होता ते आता मला माहीत झालं होतं. इतके दिवस ते दादाकडे होतं, एका घरात, एका ताटाशेजारी, आणि मी विचारलं नव्हतं.

शिक्षा सुनावल्यावर पोलीस दादाला बाहेर घेऊन निघाले तेव्हा मित्राचे वडील आडवे आले. म्हातारा माणूस, काठीही नव्हती हातात. ते म्हणाले, "सांगितलंस, बरं केलंस. आम्हाला कळायला हवं होतं."

दादा त्यांच्या पायांशी वाकायला गेला. ते मागे सरकले.

"नको. आता आमच्या दाराशी येऊ नकोस."

"नाही येणार," दादा म्हणाला.

काही महिने तो तुरुंगात होता. लायसन्सही काही काळासाठी गेलं. सुटून आला तेव्हा घर पूर्वीसारखंच चालत होतं. मी त्याला वाढायची, तो जेवायचा. "अजून घेतोस?" "नको." "पाणी दे." "घे." एवढं आमचं बोलणं. माझा त्याच्यावर राग आहे का, हे मी स्वतःला विचारून बघायची. राग असता तर बरं झालं असतं. नई सडकेवर त्याला आता कुणी हाक मारत नव्हतं आणि तो कुणाकडे बघतही नव्हता. काही लोक म्हणायचे, घमंड उतर गया. काही म्हणायचे, अब भी देखो, किसी से बात नहीं करता. शिंप्यानं दुकानातला फोटो काढून टाकला होता. भिंतीवर त्या जागी चौकोनी उजळ डाग राहिला होता.

लायसन्स परत मिळाल्यावर तो एका ट्रान्सपोर्टवाल्याचा ट्रक चालवायला लागला. सरदारांच्या त्या हिरव्या मोटरीबद्दल त्याच्या तोंडून मी कधीच काही ऐकलं नाही.

मग आमचं मध्यभारतही मोडलं. मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. दफ्तरात रोज तीच चर्चा. कुणाची मुलं शाळेत, कुणाचे आईवडील म्हातारे, कुणी रजेवर गेले, कुणी बदलीसाठी धडपडले. ग्वाल्हेर रिकामं होणार म्हणून बाजारातले लोक हळहळत होते. मला साहेबांनी विचारलं, जाणार का? मी हो म्हटलं. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "एकटी बाई, परक्या गावात?" आबा म्हणाले, "जाऊ दे तिला." ते मोठ्यानं म्हणाले, आणि आई माझ्यासाठी भांडी वेगळी काढायला लागली.

सामान फार नव्हतं. पेटी, गादी, भांडी, शिलाई मशीन. दादा म्हणाला, "ट्रक तिकडे माल घेऊन चाललाय. माझ्याबरोबर चल." मी बसले. शिवपुरीच्या बाजूनं निघालो. तो अगदी सावकाश चालवत होता. प्रत्येक वळणाआधी हॉर्न वाजवायचा, वेग कमी करायचा. मागचे ट्रक ओलांडून पुढे जात होते आणि तो त्यांना हातानं वाट देत होता. तुरुंगातून आल्यानंतर इतका वेळ मी त्याच्याजवळ कधी बसले नव्हते.

दुपारी एका ढाब्यावर खाटेवर बसून आम्ही चहा घेतला. मी विचारलं. असं काही विचारायचं मी ठरवलं नव्हतं.

"त्या दिवशी तुला काय झालं होतं रे?"

त्यानं कप खाली ठेवला. "काहीच झालं नव्हतं. तेच तर."

"म्हणजे?"

"आधी प्रत्येक वेळी पोटात गोळा यायचा. सुरुवातीला, पहिल्या वळणापर्यंत. जिंकणार हे मालूम असायचं, तरी यायचा. म्हणून मी पट्टीवर चालायला जायचो. चाललो की जरा कमी व्हायचा." त्यानं कप पुन्हा उचलला. "त्या हिवाळ्यात तो आलाच नाही. मला वाटलं, चला, आता आपण पक्के झालो."

मी चहा पीत राहिले. समोरच्या झाडाखाली एक म्हैस उभी होती आणि तिच्या पाठीवर बगळा बसला होता.

"आता येतो?" मी विचारलं.

"ट्रक सुरू करतानासुद्धा येतो," तो म्हणाला. मग म्हणाला, "तू मला काही बोलली नाहीस कधी. आई बोलली. त्याचे वडील बोलले. तुला बोलायचं असेल तर बोल."

मी मनात शोधलं. खरोखर शोधलं. पेटी उघडून आपण एखादी वस्तू शोधतो तसं तळापर्यंत. त्याला देण्यासारखं तिथं काही नव्हतं. शिवी नव्हती आणि माफीही नव्हती.

"मला काही वाटत नाही रे दादा," मी म्हटलं. "खूप दिवस झाले, काहीच वाटत नाही."

त्यानं मान हलवली. पैसे दिले आणि आम्ही निघालो.

भोपाळला मला दोन खोल्या मिळाल्या होत्या, दुसऱ्या एका टायपिस्ट बाईबरोबर. दादानं सामान वर आणून ठेवलं, मशीन खिडकीशी लावून दिलं, नळाला पाणी येतं का ते बघितलं. माल उतरवायला त्याला जायचं होतं. "येतो," म्हणाला. मी म्हटलं, "सावकाश जा." ते तोंडातून निघून गेलं, आपण कुणालाही म्हणतो तसं. तो जिन्यात क्षणभर थांबला आणि उतरून गेला.

पुढचं थोडक्यात सांगते. काही वर्षांनी माझं तिथंच लग्न झालं. दफ्तरातलेच होते, पहिली बायको वारलेली, शांत माणूस. त्यांना मी सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, "बरं." आमचा संसार नीट झाला. दादानं लग्न केलं नाही. ट्रक सोडून तो बसवर लागला आणि निवृत्त होईपर्यंत त्याच्या हातून गाडीला साधा ओरखडा आला नाही. याचं कौतुक करून एकदा त्याला शाल देणार होते, तर तो गेलाच नाही. लोक म्हणाले, मोठा मिजासखोर आहे. मी ऐकलं तेव्हा तांदूळ निवडत होते. मित्राच्या वडलांच्या दाराशी तो शेवटपर्यंत गेला नाही. ते गेले तेव्हा मसणवाटेत लांब, झाडाखाली उभा होता, असं आबांनी पत्रात कळवलं होतं.

आबा वारले तेव्हा मी ग्वाल्हेरला गेले. दहावा झाल्यावर दादा आणि मी ओसरीवर बसलो होतो. आई आत निजली होती. तो म्हणाला, "मी त्यांचं नाव घेतलं नाही त्या दिवशी." कुठल्या दिवशी, ते मी विचारलं नाही. मी म्हटलं, "त्यांनी कधी मनात ठेवलं नाही." हे खरं होतं की नाही, मला माहीत नव्हतं. दादा रडायला लागला. आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. मी उठून त्याच्याजवळ जाऊन बसले. रडू मला तेव्हाही आलं नाही. पण त्याचं आटपेपर्यंत मी तिथून हलले नाही, आणि मग दोघांसाठी चहा टाकायला आत गेले.